बौद्धिक दिव्यांगांच्या संस्थांना पुण्यातील व्यावसायिकांनी साहाय्य कसे करावे

पुण्यातील व्यापारी दानधर्मात मागे नाहीत. दि पूना मर्चंट्स चेंबर दिवाळीत ना नफा ना तोटा तत्त्वावर लाडू-चिवडा विकते, महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या भाऊबीज निधीला पिढ्यान्‌पिढ्या पुणेकरांनी हातभार लावला आहे आणि गणेशोत्सवाच्या वर्गणीची तजवीज तर पेठांतील दुकानदार आधीच करून ठेवतात. तरीही बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे) किंवा डाऊन सिंड्रोम (जन्मजात गुणसूत्रदोष) असलेल्या व्यक्तींसाठी चालणाऱ्या संस्थांपर्यंत व्यावसायिकांची मदत पोहोचते ती बहुधा तीनच रूपांत: मुलाच्या वाढदिवसाचा केक, पितृपक्षातले एक वेळचे जेवण आणि दिवाळीच्या फराळाचे डबे. देणाऱ्याची भावना खरी असते, यात शंका नाही; पण संस्थेची वर्षभराची ओढाताण या तिन्हींपैकी कशानेही कमी होत नाही. किराणा दुकान, बेकरी, छापखाना, उपाहारगृह, गॅरेज, औषधांचे दुकान किंवा भोसरी-चाकण भागातील लहान कारखाना चालवणाऱ्यांना आपल्या व्यवसायाची घडी न मोडता या संस्थांच्या कायम उपयोगी कसे पडता येईल, ते येथे क्रमाने सांगितले आहे.

आधी गरज कोठे आहे ते पाहावे

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्याने मान्यताप्राप्त दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले. या कायद्यानुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळा अपुऱ्या असतील, शिक्षक कमी असतील, पण या वयापर्यंत निदान कायद्याचा आधार आणि शाळेची वेळ तरी असते. खरा प्रश्न अठराव्या वर्षानंतर सुरू होतो. शाळा संपते, वर्गमित्र पांगतात आणि सकाळी गणवेश घालून बसची वाट पाहणारा तरुण घरात बसू लागतो. काही महिन्यांतच शिकलेल्या गोष्टी विसरायला होतात, वजन वाढते, चिडचिड वाढते, आणि आईवडिलांपैकी एकाला नोकरी सोडून घरी थांबावे लागते. अशा पालकांच्या तोंडी सतत असणारा प्रश्न एकच असतो: आमच्या माघारी याचे कसे होणार?

हा प्रश्न डोळ्यांसमोर ठेवूनच पुण्यात अनेकांनी काम उभे केले आहे. गोखलेनगरची कामायनी १९६४ पासून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम करत आहे. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी स्थापन केलेल्या पुणे सेवासदनाचे दिलासा केंद्र एरंडवण्यात आहे. मुळशी तालुक्यातील कोळवण खोऱ्यात साधना व्हिलेज ही बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांची निवासी वस्ती आहे. स्वमग्न मुलांसाठी प्रसन्न ऑटिझम सेंटर आहे, तर गणेशखिंड रस्त्यावरील बालकल्याण संस्था दिव्यांग मुलांच्या खेळाकडे आणि कलेकडे लक्ष देते. यांखेरीज उपनगरांत पालकांनीच एकत्र येऊन चालवलेल्या कित्येक लहान कार्यशाळा आहेत, ज्यांची पाटीसुद्धा रस्त्यावरून सहज दिसत नाही. माझ्या मते व्यावसायिकाने पहिला शोध आपल्या दुकानापासून दोन-तीन किलोमीटरच्या परिघातच घ्यावा. मोठ्या, नावाजलेल्या संस्थेकडे मदतीचा ओघ बऱ्यापैकी असतो. शिवाय जवळच्या संस्थेत आपले जाणे-येणे राहते, आणि या कामात जाण्या-येण्याला पैशाइतकेच मोल आहे.

संस्था ठरवण्यापूर्वी तिची कागदपत्रे पाहण्यात संकोच बाळगू नये. चांगली संस्था ती आनंदाने दाखवते. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे होते आणि नोंदणी क्रमांकाची सुरुवात बहुधा ‘ई’ किंवा ‘एफ’ या अक्षराने होते. २०१६ च्या कायद्यानुसार दिव्यांगांसाठी संस्था चालवण्यासाठी वेगळे नोंदणी प्रमाणपत्र लागते, आणि आपल्या शहराची सोय अशी की राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. याशिवाय लेखापरीक्षण झालेला मागील वर्षाचा ताळेबंद मागावा आणि विशेष शिक्षकांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, ते विचारावे. कागदांइतकेच प्रत्यक्ष पाहणेही महत्त्वाचे आहे. आधी वेळ ठरवून, पण कार्यक्रमाचा दिवस टाळून, एखाद्या साध्या मंगळवारी किंवा बुधवारी जावे. स्वच्छतागृहे पाहावीत, मुलांशी कर्मचारी कोणत्या सुरात बोलतात ते ऐकावे, आणि कोणी कोपऱ्यात नुसते बसून तर नाही ना, याकडे लक्ष द्यावे.

मग विचारावा तो प्रश्न असा: ‘गेल्या वर्षी कोणत्या महिन्यात आपली सर्वांत जास्त ओढाताण झाली आणि कशामुळे?’ ‘काय देऊ?’ असे विचारले की संकोचाने ‘जे जमेल ते द्या’ असेच उत्तर येते. ओढाताणीबद्दल विचारले की मात्र बसच्या डिझेलचा खर्च, सुटीच्या महिन्यांतले शिक्षकांचे पगार, वाचा उपचार आणि व्यवसायोपचार (रोजची कामे जमावीत म्हणून दिली जाणारी ऑक्युपेशनल थेरपी) देणाऱ्या तज्ज्ञांचे मानधन, मोठ्या वयाच्या व्यक्तींसाठी लागणारे डायपर, अपस्माराची औषधे अशा गोष्टी पुढे येतात. यांवर कोणाच्या नावाची पाटी लागत नाही आणि म्हणूनच यांसाठी देणगीदार मिळत नाही. ज्या व्यावसायिकाला खरोखर उपयोगी पडायचे आहे, त्याने यांतलीच एखादी गोष्ट उचलावी.

जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी, आणि त्या घरांनी आपापला वार सांभाळला म्हणून त्या मुलाचे शिक्षण निर्धास्त पुरे होत असे. संस्थेला द्यायची मदत याच पद्धतीची असावी. दिवाळीत एकदम २४,००० रुपये देण्यापेक्षा दरमहा २,००० रुपये ठरलेल्या तारखेला देणे संस्थेला अधिक उपयोगाचे असते, कारण त्या भरवशावर ती एखाद्या तज्ज्ञाला आठवड्यातून एक दिवस बांधून घेऊ शकते.

काम द्यावे, आणि ते व्यवहारासारखे द्यावे

व्यावसायिकाकडे असलेली आणि इतर देणगीदारांकडे नसलेली गोष्ट म्हणजे काम. अठरा वर्षांवरील व्यक्तींच्या कार्यशाळांत कागदी पिशव्या, पाकिटे, फाइली, मेणबत्त्या, रंगवलेल्या पणत्या, आकाशकंदील, उटणे, फिनेल, पायपुसणी, मसाले आणि भाजण्या तयार होतात. अनेक ठिकाणी सुटे भाग मोजून पिशवीत भरणे, लेबल लावणे, खोकी जोडणे अशी जॉबवर्कची कामेही केली जातात. ही विक्री आज मुख्यतः दिवाळीच्या आधीच्या महिन्यावर अवलंबून असते. नोव्हेंबरनंतर हातांना काम राहत नाही, आणि ज्यांच्यासाठी दिवसाचा ठरलेला क्रम हाच मनःस्वास्थ्याचा आधार आहे, त्यांना रिकामेपण फार जड जाते.

म्हणून आपल्या दुकानात बारा महिने लागणारी एखादी वस्तू शोधावी. औषधांच्या दुकानाला लहान कागदी पाकिटे रोज लागतात. बेकरीला खोकी लागतात, कापडदुकानाला पिशव्या लागतात, उपाहारगृहाला फिनेल आणि पुसायची फडकी लागतात, अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकविक्रेत्याला पिशव्या आणि वेष्टने लागतात, आणि लहान कारखान्याला नट, बोल्ट व वॉशर यांचे ठरावीक संच भरून लागतात. अशी एक वस्तू निवडून तिची मासिक ऑर्डर द्यावी. संख्या सुरुवातीला लहान असली तरी चालेल; ती दर महिन्याला यायला हवी.

काम कसे चालते, हे एकदा जवळून पाहिले की कोणते काम देता येईल याचा अंदाज येतो. पिशवीच्या टेबलावर एकाच व्यक्तीने संपूर्ण पिशवी तयार करावी अशी अपेक्षा नसते. पहिल्या व्यक्तीपुढे लाकडी साचा असतो. त्यात कागद बसवला की घडी कोठे घालायची हे हातालाच कळते. दुसरी व्यक्ती फक्त खळ लावते, तिसरी बुडाची घडी दाबते. शेवटी मोजणीसाठी दहा चौकोन आखलेला पुठ्ठा असतो. ज्याला दहापर्यंत आकडे म्हणता येत नाहीत, तोही प्रत्येक चौकोनावर एक पिशवी ठेवतो, पुठ्ठा भरला की गठ्ठा बांधतो, आणि त्याची मोजणी चुकत नाही. मापे वारंवार बदलणारे, ‘उद्या सकाळपर्यंत हवेच’ अशा घाईचे किंवा एकाच वेळी तीन-चार सूचना लक्षात ठेवायला लावणारे काम या व्यवस्थेत बसत नाही. एकसारखे, टप्प्यांत तोडता येणारे आणि मुदतीला थोडी सवड असलेले काम उत्तम बसते. स्वमग्न व्यक्तींपैकी काहींची नजर तर अशा कामात इतकी बारीक असते की वाकडे लागलेले लेबल त्या पुढे जाऊच देत नाहीत.

व्यवहाराच्या बाबतीत मात्र दयाबुद्धी बाजूला ठेवावी. आधी नमुना मागावा, तो आपल्याकडे ठेवून घ्यावा आणि त्याप्रमाणे माल न आल्यास इतर पुरवठादाराला सांगतो तसे स्पष्ट पण सौम्य शब्दांत सांगावे. ‘बिचाऱ्यांनी केले आहे’ म्हणून निकृष्ट माल गुपचूप ठेवून घेणारा आणि पुढच्या महिन्यात ऑर्डर बंद करणारा ग्राहक कार्यशाळेचे सर्वांत जास्त नुकसान करतो, कारण काय चुकले ते तिला कधी कळतच नाही. दर ठरवताना हेच काम बाहेर करून घेतले असते तर जे दिले असते, तेवढे द्यावे. घासाघीस करू नये आणि उपकार म्हणून फाजील दरही देऊ नये. कार्यशाळांकडे खेळते भांडवल नसते, त्यामुळे निम्मी रक्कम आगाऊ द्यावी आणि उरलेली माल मिळताच द्यावी. बाजारात चालणारी ६० किंवा ९० दिवसांची उधारी येथे लावणे योग्य नाही. छापखान्यांनी कागदाच्या कापलेल्या पट्ट्या आणि शिंप्यांनी चिंध्या कच्चा माल म्हणून द्यायला हरकत नाही, पण आधी विचारून आणि निवडून द्याव्यात. नको असलेला ढीग संस्थेच्या दारात ओतला की तो उचलण्याचा खर्च संस्थेवरच पडतो.

दिवाळीच्या भेटवस्तूंची मोठी ऑर्डर द्यायची असल्यास ती आषाढ-श्रावणातच नक्की करावी. आकाशकंदिलाची ऑर्डर नवरात्रात दिली तर कार्यशाळेला ती नाकारावी तरी लागते किंवा कर्मचाऱ्यांनी रात्री जागून पुरी करावी लागते, आणि मग ज्यांच्यासाठी हे काम आहे त्यांच्या हातांना त्यात काहीच उरत नाही.

येथे हिशेबाचीही एक बाब आहे. कार्यशाळेकडून विकत घेतलेला माल हा व्यवसायाचा नेहमीचा खर्च असतो आणि तो इतर खरेदीप्रमाणेच नफ्यातून वजा होतो. देणगीवर मिळणारी करसवलत अटींनी बांधलेली असते. त्यामुळे देण्याची ताकद मर्यादित असलेल्या दुकानदारासाठी ऑर्डर देणे हाच बहुधा अधिक टिकाऊ मार्ग ठरतो.

आपल्या हातातली कला

प्रत्येक व्यवसायाकडे एखादे असे कौशल्य असते की ज्यासाठी संस्थेला एरवी पैसे मोजावे लागतात. गॅरेजवाल्याने शाळेच्या बसची वर्षातून दोनदा तपासणी करून दिली, विशेषतः आरटीओच्या योग्यता प्रमाणपत्रापूर्वीची दुरुस्ती मजुरी न घेता केली, तर मोठा भार हलका होतो. मार्केट यार्डातील भुसार व्यापारी निवासी संस्थेला महिन्याचे धान्य घाऊक दराने आणि पोहोच करून देऊ शकतो. सनदी लेखापाल वेळेवर विवरणपत्रे भरून देऊ शकतो. लहान संस्थांची करमाफीची नोंदणी केवळ एखादा अर्ज वेळेत न भरल्यामुळे अडकते, म्हणून ही मदत दिसायला लहान असली तरी संस्थेच्या अस्तित्वाशी निगडित असते. वीजतंत्री लुकलुकणाऱ्या, घरघरणाऱ्या ट्यूबलाइट बदलून देऊ शकतो, आणि आवाजाच्या व प्रकाशाच्या बाबतीत संवेदनशील असलेल्या मुलांना त्याचा जो आराम मिळतो तो शिक्षकांना त्याच दिवशी जाणवतो.

केशकर्तनालयांबद्दल मुद्दाम सांगावेसे वाटते. अनेक स्वमग्न मुलांना कानाजवळ मशीनचा आवाज सहन होत नाही, आणि केस कापणे हा घरातला महिनोन्‌महिने टाळला जाणारा प्रसंग होऊन बसतो. दुकान उघडण्यापूर्वीचा अर्धा तास, मशीनऐवजी कात्री, आधी नुसते खुर्चीवर बसून परत जाण्याची मुभा आणि दर वेळी तोच कारागीर, एवढी व्यवस्था केली तरी पालकांना हायसे वाटते. यासाठी एक पैसाही खर्च करावा लागत नाही.

खाद्यपदार्थ देणाऱ्यांनी संस्थेला विचारल्याशिवाय काहीही वाटू नये. सेरेब्रल पाल्सी असलेल्या काही व्यक्तींना चावणे आणि गिळणे अवघड असते. शेव किंवा शेंगदाणे घशात अडकण्याचा धोका असतो. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइडच्या तक्रारी आणि वजनवाढ अधिक आढळते, आणि एकाच आठवड्यात चार वाढदिवसांचे केक आले तर संस्थेने जपून आखलेला आहार कोलमडतो. मिठाईवाल्यांनी केकऐवजी फळे किंवा दूध पुरवण्याचे ठरवले तर संस्था त्याचे मनापासून स्वागत करतील.

पैसे देताना

देणगी शक्यतो धनादेशाने किंवा थेट बँकेतून द्यावी. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर ८० जी ची (१९६१ च्या आयकर कायद्यातील देणगीविषयक कलमाची) वजावट मिळत नाही आणि धान्य, कपडे, वस्तू अशा रूपात दिलेल्या देणगीवर तर ती मुळीच मिळत नाही. सर्वसाधारण धर्मादाय संस्थांना दिलेल्या देणगीच्या ५० टक्के रकमेची वजावट एकूण उत्पन्नाशी बांधलेल्या कमाल मर्यादेत मिळते. एकल मालकीचा व्यवसाय असून आपण नव्या करप्रणालीत असाल, तर ही वजावट लागू होत नाही. भागीदारी संस्थांची गोष्ट वेगळी आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असल्यामुळे कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलतात, तेव्हा जुन्या पावत्यांवरच्या क्रमांकांवर विसंबून न राहता आपल्या कर सल्लागाराला विचारावे. वस्तू व सेवा कराच्या बाबतीत एवढे ध्यानात ठेवावे की आपल्या दुकानातला माल मोफत दिला तर त्यावर घेतलेले इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) परत करावे लागते.

कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालचा सामाजिक उत्तरदायित्वाचा (सीएसआर, म्हणजे नफ्यातला काही भाग समाजकार्यावर खर्च करण्याचा) नियम ५०० कोटी रुपये नक्त मालमत्ता, १,००० कोटी रुपये उलाढाल किंवा ५ कोटी रुपये निव्वळ नफा यांपैकी एक मर्यादा गाठणाऱ्या कंपन्यांना लागू होतो. लहान व्यावसायिकाला तो लागू नाही. परंतु आपण अशा एखाद्या मोठ्या कंपनीचे पुरवठादार असाल, तर आपल्या परिचयाच्या संस्थेचे नाव तेथील अधिकाऱ्यांच्या कानावर घालणे ही सुद्धा मोठी मदत आहे, कारण दिव्यांगांसाठीचे शिक्षण आणि रोजगारकौशल्ये या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत स्पष्टपणे नमूद आहेत.

ग्राहकांकडून पैसे जमवायचे असतील तर अधिक काळजी घ्यावी. गल्ल्याशेजारी नुसता डबा ठेवण्यापेक्षा संस्थेच्या स्वतःच्या बँक खात्याचा क्यूआर कोड लावणे चांगले, म्हणजे रक्कम आपल्या हातून जात नाही आणि पावती देणाऱ्याच्या नावाने निघते. डबा ठेवायचाच असेल तर संस्थेचे लेखी पत्र घ्यावे, डब्याला संस्थेचे कुलूप असावे आणि तो दोघांसमक्ष उघडून मोजावा. ग्राहकांनी दिलेल्या रकमेवर आपल्या नावाने करसवलत घेणे गैर आहे. काही दुकानदारांनी मिळून स्वतंत्रपणे वर्गणी जमवायचे ठरवले, तर गणेश मंडळांना घ्यावी लागते तशीच धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी लागते का, हे आधी तपासावे. ‘प्रत्येक खरेदीमागे ५ रुपये संस्थेला’ अशी योजना जाहीर केल्यास कोणत्या संस्थेला, कोणत्या तारखेपर्यंत आणि एकूण किती रक्कम दिली, हे दुकानात लावून ठेवावे. माल तोच, किंमत मात्र ५ रुपयांनी वाढवलेली, असे करू नये. पुणेरी ग्राहकाच्या ते नजरेतून सुटत नाही आणि बदनामी संस्थेची होते.

दुकानात प्रत्यक्ष काम देणे

हा सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचा भाग आहे. बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती उपाहारगृहात टेबले लावू शकते, बेकरीत खोकी जोडू शकते, किराणा दुकानात मांडणीवरच्या वस्तू ओळीत लावू शकते, रोपवाटिकेत पिशव्या भरू शकते. सर्वांना सर्व जमेल असे नाही, आणि प्रत्येकालाच नोकरी करायची असेल असेही नाही. म्हणून संस्थेच्या व्यवसाय शिक्षकाला आधी दुकानात बोलवावे, दिवसभरातली सगळी कामे त्याला दाखवावीत आणि कोणते काम कोणाला जमेल हे त्याला ठरवू द्यावे.

पेठांतील अनेक दुकाने दुपारी १ ते ४ बंद असतात. प्रशिक्षणासाठी हा वेळ फार सोयीचा आहे. गिऱ्हाईक नाही, फोन नाही, गोंगाट नाही. पहिले काही आठवडे त्या तरुणाने व्यवसाय शिक्षकाबरोबर यावे, एकच काम शिकावे आणि ओळख पक्की झाली की हळूहळू गर्दीच्या वेळेकडे सरकावे. कामाचे टप्पे चित्रांच्या पट्टीवर लावावेत: हात धुणे, ॲप्रन घालणे, खोके उघडणे, कागद घालणे, झाकण लावणे. सूचना देणारी व्यक्ती एकच असावी. मालकाने एक सांगायचे, त्याच्या भावाने दुसरे आणि जुन्या नोकराने तिसरे, असे झाले की गोंधळ होतो, आणि दोष मात्र त्या तरुणाच्या माथी मारला जातो. ‘जरा तिकडे बघ’, ‘पटकन आटप’ अशा मोघम वाक्यांऐवजी ‘ही दहा खोकी त्या फळीवर ठेव’ असे सांगावे. बसण्याची जागा, जेवणाची वेळ आणि सुटीचा वार ठरलेला असावा, आणि त्यात बदल होणार असेल तर तो आदल्या दिवशी सांगावा. विसर्जन मिरवणुकीच्या दिवसांत ढोल-ताशांच्या आणि ध्वनिवर्धकांच्या आवाजात लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानात उभे राहणे कोणालाही जड जाते. ज्यांना आवाजाचा त्रास होतो त्यांना त्या दिवसांची सुटी आधीच देऊन टाकावी.

इतर कर्मचाऱ्यांशी अगोदर बोलणे आवश्यक आहे. चेष्टा, नावे ठेवणे, मुद्दाम चिडवून गंमत पाहणे हे येथे चालणार नाही, असे मालकाने स्वतः सांगावे. व्यवस्थापकाकरवी निरोप पाठवू नये. त्याचबरोबर त्यांच्या शंकाही ऐकून घ्याव्यात. अपस्माराचा (फिटचा) झटका आला तर काय करायचे, हे सर्वांना माहीत असावे: व्यक्तीला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवावे, तोंडात काहीही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, वेळ मोजावी आणि झटका ५ मिनिटांपेक्षा जास्त टिकला तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वयाने मोठ्या व्यक्तीला ‘बाळा’ म्हणून हाक मारू नये. दुकानात इतरांना काका, ताई, दादा म्हणण्याची रीत असेल तर तीच येथेही ठेवावी.

वेतन किमान वेतनाच्या नियमांनुसार आणि त्या व्यक्तीच्या स्वतःच्या बँक खात्यात द्यावे. तास कमी असतील तर तासांप्रमाणे द्यावे, पण ‘त्याचा वेळ जातो हेच खूप आहे’ असे पालक म्हणाले तरी फुकट काम करून घेऊ नये. पहिल्या पगाराच्या दिवशी घरात काय घडते हे मी अनेक कुटुंबांत ऐकले आहे. आईसाठी घेतलेली साधीशी वस्तू आणि देवापुढे ठेवलेले पैसे यांचा उल्लेख झाल्याशिवाय पालकांचे बोलणे पुरे होत नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या काही व्यक्तींच्या बाबतीत बँकेचे व्यवहार आणि करार यांसाठी कायदेशीर पालकत्वाचा प्रश्न येतो. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती तो निर्णय करते, आणि पालकांना तिकडे जाण्याचे सुचवणे हेही साहाय्यच आहे. २० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांनी समान संधी धोरण सविस्तर तयार करून त्याची प्रत राज्य आयुक्तांकडे नोंदवायची असते, हे अनेक मध्यम व्यावसायिकांना माहीतच नसते.

छायाचित्रे आणि प्रसिद्धी

मोठ्या आकाराचा धनादेश हातात धरलेली मुले आणि मध्ये देणगीदार, असे छायाचित्र काढू नये. व्यक्तीची आणि गरज असेल तेथे पालकांची लेखी संमती असल्याशिवाय कोणाचाही चेहरा समाजमाध्यमांवर टाकू नये. जाहिरात करायचीच असेल तर वस्तूची करावी: या पिशव्या अमुक कार्यशाळेत तयार होतात, एवढे त्या पिशवीवर छापले की पुरे. ग्राहक विचारतो, पत्ता घेतो आणि पुढची ऑर्डर तेथे थेट पोहोचते. २१ मार्चचा जागतिक डाऊन सिंड्रोम दिन, २ एप्रिलचा स्वमग्नता जागृती दिन आणि ३ डिसेंबरचा दिव्यांग दिन या दिवशी संस्थांना पाहुण्यांची वाण नसते. भेट द्यायची असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतला एखादा कामाचा दिवस निवडावा.

वर्षातून एकदा संस्थेच्या प्रमुखांबरोबर अर्धा तास बसावे. कोणती मदत उपयोगी पडली, कोणती नुसती अडगळ झाली, कामाचा दर वाढवायला हवा का, हे मोकळेपणाने विचारावे. धंद्यात मंदी येऊ शकते, रस्त्याची किंवा मेट्रोची कामे दुकानापुढे सुरू होऊन विक्री निम्म्यावर येऊ शकते, भागीदारी मोडू शकते. मदत थांबवण्याची वेळ आलीच तर ती न कळवता बंद करू नये. निदान ३ महिने आधी संस्थेला लेखी सांगावे, शिल्लक ऑर्डरचे पैसे चुकते करावेत, कामावर असलेल्या व्यक्तीला व्यवसाय शिक्षकाच्या उपस्थितीत, घाई न करता, समजेल अशा शब्दांत कारण सांगावे आणि तेच काम देऊ शकेल अशा आपल्या ओळखीच्या दुसऱ्या व्यावसायिकाशी संस्थेची गाठ घालून द्यावी.